तीन चाकं चकचकीत, चौथं साधं

आमच्या गाडीची तीन चाकं आरशासारखी चमकतात. पुढचं डावं मात्र साधं, चंदेरी रंगाचं आहे. टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी थांबली, की शेजारचा दुचाकीवाला हमखास खाली बघतो आणि विचारतो, "एक घासायचं राहिलं काय?" गेट उघडेपर्यंत या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथे लिहितोय.

गाडी 2010 सालची. आधी ती वास्कोच्या काकांकडे होती, चार वर्षांपूर्वी आमच्याकडे बेळगावला आली. इंजिन ठणठणीत होतं, पण चाकांची रया गेलेली. कंपनीतूनच आलेली 15 इंची अलॉय चाकं, पण त्यांच्यावर पांढरट, गांडूळ सरपटत गेल्यासारख्या रेघा उमटलेल्या. कुठे पापुद्रे सुटलेले, कुठे बोटाला पांढरी भुकटी लागायची. समुद्राकाठची खारी हवा आणि वर आपला बेळगावचा पाऊस, दुसरं काय होणार?

मला नवीन चाकं हवी होती. साधी नाही, 17 इंची, काळ्या रंगाची. दुकानात विचारून आलो. टायरसकट सत्तर हजारांच्या आसपास आकडा निघाला. नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, पण हप्त्यांची सोय होती. रात्री जेवताना विषय काढला. बाबांनी शांतपणे विचारलं, "चाक गोल आहे ना? फिरतंय ना?"

"बाबा, दिसतंय कसं ते बघा की."

"मग दिसण्याचा इलाज कर. घासून काढ."

आजी पलीकडे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "कुकर काळा पडला म्हणून कोण नवा कुकर घेतंय काय?"

झालं. घरातलं मतदान संपलं.

गंज कसला आणि चमक कसली

हात लावण्यापूर्वी थोडा अभ्यास केला, आणि तो केला हे बरं झालं. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्षणात ऑक्साइडचा थर तयार होतो. तो काही नॅनोमीटर इतका पातळ आणि पारदर्शक असतो, आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. पण मीठ त्या थराला भोकं पाडतं. धुण्याचा सोडा आणि तीव्र अल्कलीही तो थर खातात. म्हणूनच ॲल्युमिनियमचं भांडं सोड्याच्या पाण्यात राहिलं की काळवंडतं आणि चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात उकळलं की उजळतं. आजीला हे माझ्या आधीपासून ठाऊक होतं. मला ते वाचून कळलं.

गाडीच्या चाकावर आणखी एक पांघरूण असतं, ते म्हणजे लॅकरचं. दगड उडून किंवा टायरवाल्याने बॅलन्सिंगचं वजन ठोकताना त्याला टवका गेला, की त्यातून ओल आत शिरते आणि लॅकरच्या खालून पसरत जाते. त्या गांडुळासारख्या रेघा म्हणजे तिचा मार्ग. वरून कितीही पॉलिश लावलं तरी त्या जात नाहीत, कारण रोग काचेच्या खाली आणि औषध काचेच्या वर.

म्हणून पहिली परीक्षा ही, की चाकाच्या कोपऱ्यात जरासं मेटल पॉलिश पांढऱ्या फडक्यावर घेऊन घासायचं. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, सरळ पॉलिश चालेल. फडकं पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे, ते आधी काढावं लागेल. चाक क्रोमचा मुलामा दिलेलं असेल तर घासायच्या भानगडीत पडूच नये. मुलामा एकदा सोलवटला की हाताने तो परत आणता येत नाही.

आमचं फडकं पांढरं राहिलं. म्हणजे काम मोठं होतं.

रविवारची घासाघीस

एका वेळी एकच चाक काढायचं असं ठरवलं. जुनं लोखंडी स्टेपनी चाक त्या जागी लावायचं, म्हणजे गाडी निदान जागच्या जागी उभी राहते. टायरवाल्याकडून टायर आणि व्हॉल्व्ह काढून आणला. लॅकर काढण्यासाठी पेंट रिमूव्हर वापरला. हा भयंकर पदार्थ आहे. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि उघडं अंगण, या तिन्ही गोष्टी हव्यातच. लॅकर फुगून वर आलं की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं, लोखंडी पात्याने नाही. कुणी कॉस्टिक सोडा सुचवेल, तर नको. तो लॅकरबरोबर ॲल्युमिनियमही खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो.

मग वॉटर पेपर. आधी 400 नंबर, मग 600, 800, 1000, 1500 आणि शेवटी 2000. बादलीत साबणाचं पाणी, कागद सतत ओला. एका नंबरला आडवं घासलं तर पुढच्याला उभं, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले की नाहीत ते दिसतं. सगळी गोम इथेच आहे. 400 चे ओरखडे राहिले असतील तर 2000 पर्यंत पोचूनही ते उठून दिसतात, आणि मग मुकाट्याने मागे जावं लागतं. मी दोनदा गेलो. लोखंडी घासणी मात्र वापरायची नाही, तिचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर गंजतात. जिथे नट बसतात ती भोकं आणि चाक जिथे हबला टेकतं ती मागची बाजू, यांना कागद लावायचा नाही. तिथली मापं बिघडली तर चाक नीट बसणार नाही.

शेवटी मेटल पॉलिश. इथे मला एक गंमत कळली. पुष्कळशा मेटल पॉलिशमध्ये घासण्याचं काम करते ती अल्युमिनाची बारीक पूड, म्हणजे ॲल्युमिनियमचंच ऑक्साइड. आपल्या यमनापूरच्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी पूड तयार होते, तीच ही जात. धातू मऊ, पण त्याचा ऑक्साइड इतका कठीण, की माणिक आणि नीलम ही रत्नं त्याचीच रूपं. लहानपणापासून त्या कारखान्यावरून जातोय, पण आतल्या मालाशी माझा संबंध आला तो असा अंगणात, पाटावर बसून.

पहिल्या चाकाला दोन रविवार गेले. खांदे दुखले, नखं काळी झाली. पण संध्याकाळच्या उन्हात ते चाक भिंतीला टेकवून ठेवलं तेव्हा त्यात समोरचा नारळ दिसत होता. सत्तर हजार विसरलो.

बुडासकट घास

तिसरं चाक पुढचं डावं. या चाकाची एक जुनी तक्रार होती. दर दहा-बारा दिवसांनी त्याची हवा कमी व्हायची. पंक्चरवाल्याने दोनदा टायर पाण्यात बुडवून बघितला, खिळा सापडला नाही. व्हॉल्व्ह बदलला, तरी तेच. शेवटी आम्ही पेट्रोल भरताना हवा भरायची सवय लावून घेतली होती.

आतापर्यंत मी फक्त दर्शनी बाजू घासत होतो. आतली बाजू कोण बघणार? आजी नेहमीसारखी ओट्यावर शेंगा निवडत बसलेली. म्हणाली, "काय करूलास रे? भांडं घासायचं तर बुडासकट घासावं. वरून चकचकीत नि खाली काजळी, हे काय खरं नव्हं."

तिच्या समाधानासाठी चाक उलटं केलं. ब्रेकची काळी भुकटी आणि डांबर धुऊन काढलं. आतल्या काठाशी साधारण 4 सेंटीमीटरची केसासारखी काळी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून 400 चा कागद फिरवला. रेघ पुसट झाली. मी खूश. पुढच्या नंबरला गेली असतीच. पण फडक्याने पुसून पाच मिनिटांनी बघतो तर रेघेतून पुन्हा काळपट पाणी झिरपत होतं. नख फिरवलं तर अडकलं.

बाबांना हाक मारली. त्यांनी एकदा बघितलं आणि काही न बोलता शेजारच्या काकांना बोलावून आणलं. काकांची हयात उद्यमबागच्या फाउंड्रीत गेलेली. त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इथं कागद मारलास काय?"

"हो काका, ओरखडा वाटला."

"मऊ धातू आहे बाबा. घासला की भेगेच्या तोंडावर सरकतो आणि भेग झाकून टाकतो. दुरुस्त नाही करत, लपवतो."

दुसऱ्या दिवशी ते तीन छोटे स्प्रेचे डबे घेऊन आले. फाउंड्रीत ओतीव माल तपासायची ही नेहमीची पद्धत आहे. जागा स्वच्छ पुसायची, लाल रंगाचं पातळ द्रव फवारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ते बारीकातल्या बारीक भेगेत शिरतं. मग वरचं सगळं पुसून टाकायचं आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर आतला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो.

आम्ही तिघं अंगणात उकिडवे बसून बघत होतो. आधी काहीच नाही. मग एक गुलाबी ठिपका, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता लाल रेघ उमटली. मी बघितलेल्या रेघेपेक्षा ती बोटभर लांब होती. काकांनी चाक उलटवून, टायर बसतो त्या बाजूनेही तसंच केलं. तिथेही रेघ आली. भेग आरपार होती. पंक्चरवाल्याला सापडत नव्हती ती हवा इथून जात होती.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. चतुर्थीला तीन आठवडे होते. दरवर्षी आम्ही आजीला घेऊन चोर्ल्याच्या घाटातून म्हापशाला मावशीकडे जातो. घाटातले खड्डे आणि वळणं ज्याने बघितली आहेत, त्याला पुढच्या डाव्या चाकावर किती भार येतो हे सांगायला नको.

जोडून घ्यावं की टाकून द्यावं

टायरवाला म्हणाला, वेल्डिंग करून मिळेल, कळणारही नाही. काकांनी हात जोडले. त्यांनी कारण समजावून सांगितलं ते असं. बहुतेक अलॉय चाकं ॲल्युमिनियममध्ये साधारण 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळून ओततात. ओतल्यावर चाक तापवून, पाण्यात विझवून पुन्हा मंद आचेवर ठेवतात, तेव्हा त्याला ताकद येते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची ही ताकद उतरते. वरून सांधा गुळगुळीत दिसतो, पण शेजारचा धातू मऊ पडलेला असतो. भेग पडलेलं चाक बदलायचं, त्यात दुसरा विचार नाही.

याच कारणासाठी चाकाला पावडर कोटिंग करतानाही जपावं. ते साधारण 180 ते 200 अंशांवर भट्टीत भाजतात. चाक बनवणाऱ्याची संमती असेल तरच ते करावं.

त्या रात्री बाबाच म्हणाले, "चारही नवीन घे. तुला हवी तसली घे. पैशाचं बघू."

जे मला दोन महिन्यांपूर्वी हवं होतं ते समोर आलं होतं, आणि मला ते घ्यावंसं वाटेना. बाबा घाबरून बोलत होते, ते दिसत होतं. मी म्हटलं, आधी बाकीची तीन तपासू. काकांनी तिन्ही चाकं आतून-बाहेरून त्याच पद्धतीने बघितली, तिन्ही निर्दोष. टायर शॉपमध्ये बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घेतली, एकही वाकलेलं नव्हतं. मग ती का टाकायची?

17 इंचाचा हिशेबही तेव्हा कागदावर मांडला. आमचा टायर 175/65, म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामध्ये सुमारे 114 मिलीमीटर रबराची उशी. बाहेरचा व्यास तोच ठेवून 17 इंचाला 195/45 टायर लावला तर ती उशी 88 मिलीमीटर उरते, 26 मिलीमीटर कमी. चांगल्या रस्त्यावर ते छान दिसतं. घाटातल्या खड्ड्यात तोच मार रिमला बसतो. ज्या कारणाने एक चाक गेलं, त्याच कारणाला मी सत्तर हजार देऊन घरी बोलावणार होतो.

शेवटी मूळ मापाचं, कंपनीचं एकच चाक मागवलं. साडेनऊ हजार लागले. बाजारातलं दुसरं चाक घ्यायची वेळ आली तर फक्त इंच आणि रंग बघू नका. नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचं माप, मधल्या भोकाचा व्यास, रिमची रुंदी, ऑफसेट, चाकाची भार पेलण्याची क्षमता आणि नटाची बैठक शंकूसारखी आहे की गोल, हे सगळं जुळायला हवं. आयएसआय खूण बघा. चांगल्या चाकाची वळणाच्या ताणाची, भाराखाली फिरण्याची आणि आघाताची अशा तिन्ही चाचण्या झालेल्या असतात. स्वस्त नकलेत नेमकं तेच वगळलेलं असतं.

कापलेलं चाक

जुन्या चाकाचं काय करायचं? भंगारवाल्याने किलोच्या भावाने किंमत सांगितली. तिथे उभ्या असलेल्या एकाने त्याच्या तिप्पट देऊ केली, चाक अख्खं हवं म्हणाला. कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. जोडून, रंगवून ते कुणाच्या तरी गाडीला लागलं असतं, आणि त्या गाडीतही कुणाची तरी आजी बसली असती. बाबांनी भंगारवाल्याकडचा ग्राइंडर मागितला आणि काठ दोन ठिकाणी आरपार कापून घेतला. मग किलोच्या भावाने दिलं.

ते वाया गेलं असं नाही. एक किलो ॲल्युमिनियम नव्याने बनवायला साधारण 4 किलो बॉक्साइट आणि 14 युनिटच्या आसपास वीज लागते. भंगार वितळवून तोच धातू परत मिळवायला त्याच्या साधारण 5 टक्केच ऊर्जा पुरते. आमचं एक चाक सात किलोचं. चार नवीन घेऊन तीन चांगली अडगळीत टाकण्यापेक्षा हा व्यवहार मला जास्त पटला.

नवीन चाक बसवलं आणि घोटाळा लक्षात आला. तीन आरसे आणि एक चंदेरी रंगाचं. मी म्हटलं, याचंही लॅकर काढून घासतो. बाबा म्हणाले, "चांगलं पांघरूण आहे, ते कशाला ओरबाडतोस?" त्यांचं बरोबर होतं. उघड्या पॉलिशची निगा म्हणजे चिकाटीचं काम. मला आता दर महिन्याला तीन चाकांना मेण लावावं लागतं आणि ती साध्या साबणानेच धुवावी लागतात. घाटावरून आल्यावर लगेच, पावसाळ्यात दोनदा. चौथ्याला नुसतं पाणी पुरतं. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी 600 किंवा 800 पर्यंतच घासून, वर पुन्हा लॅकर मारून घ्यावं. आरसा दिसणार नाही, पण टिकेल. अगदी गुळगुळीत आरशावर लॅकर नीट धरतही नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघालो. नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने समोरासमोरचे पान्याने आवळले होते, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला. चोर्ला उतरल्यावर चहाला थांबलो तेव्हा बाबांनी पाना काढून चारही चाकांचे नट पुन्हा तपासले. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने हे करायचंच असतं. आजीने खाली उतरून चाकं बघितली. चकचकीत तीनकडे तिने फारसं लक्ष दिलं नाही. साध्या चौथ्याला पायाने हलकेच टेकून म्हणाली, "हे आतून बघितलंस नव्हं?"

"बघितलं आजी. बुडासकट."

तुमच्याही गाडीची चाकं मळली असतील तर आधी घासा की बदला यावर वाद घालू नका. चाक काढा, उलटं करा, धुवा आणि उजेडात नख फिरवून बघा. डाग आणि ओरखडे हाताने जातात, त्यासाठी कर्ज काढू नका. भेग हाताने जात नाही, तिथे पैसे वाचवू नका. एखाद्या चाकाची हवा कारण नसताना कमी होत असेल, तर पेट्रोल पंपावर हवा भरत राहू नका. आम्ही सात-आठ महिने तेच केलं.

आणि दुसऱ्या गेटला आमची गाडी दिसली, तर चौथं चाक घासायचं राहिलेलं नाही, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.